अंगात पांढरा किंवा निळा शर्ट

खोली बघायला गेलो तेव्हा आबांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "अंगावर खूण काय?"

मला वाटलं, म्हातारा दुसऱ्या कुणाशी बोलतोय. मागे वळून पाहिलं, तर मागे नुसती त्यांची जुनी स्कूटर उभी होती. मी लातूरकडून नुकताच आलेलो, चाकणच्या एका कंपनीत नोकरी लागलेली. पाणी कधी येतं आणि संडास किती जणांत आहे, हे विचारायची तयारी करून गेलो होतो. खुणेचं काय सांगणार? शेवटी हनुवटीखालचा टाक्यांचा व्रण दाखवला. आबांनी त्यावरून अंगठा फिरवून पाहिला आणि समाधानाने मान हलवली. मग मला भिंतीशी उभं करून मोबाइलवर दोन फोटो काढले, एक समोरून, एक बाजूने.

"आधारची झेरॉक्स आणलीय मी," मी म्हणालो.

"ती पोलिसांस्नी दे. त्यातलं तोंड त्येच्या आईलाबी वळखू येत न्हाई. तू हरवलास तर मी काय झेरॉक्स दाखवत फिरू?"

"मी कशाला हरवीन?"

"समदी तसंच म्हनत्यात," आबा म्हणाले आणि खोलीची किल्ली हातावर ठेवली.

आबा चिखलीतल्या जुन्या घरातले. जिथे त्यांच्या वडिलांचा ऊस होता तिथे आता वर्कशॉपचे गाळे आहेत, आणि गोठ्याच्या जागी आम्हा भाडेकरूंच्या पत्र्याच्या खोल्या. पुढच्या घरात आबा आणि त्यांची सून, अशी दोनच माणसं. सुनेला आम्ही वहिनी म्हणायचो. आमची खानावळ तीच चालवायची. आबांची बायको केव्हाच गेली होती. मुलगा एकच. तो एका सकाळी पहिल्या शिफ्टला म्हणून निघाला, पण कंपनीत पोचला नाही. बसचा ड्रायव्हर म्हणाला, तो स्टॉपवर नव्हताच. ना चिठ्ठी, ना फोन. घरात कधी आवाज चढलेला नव्हता. "भांडान झालं आसतं तर बरं झालं आसतं," आबा म्हणायचे. "कुटं चुकलं ते तरी कळलं आसतं."

तेव्हा त्याच्या लग्नाला फार दिवस झालेले नव्हते. मूलबाळ नव्हतं. वहिनीच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळाला टिकली होती, आणि नवरा कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं. हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही, यावर गल्लीतल्या बायका आधी आपसात बोलून घ्यायच्या आणि मग बहुतेक विसरून जायच्या. ती माहेरी गेली तर माहेरचे म्हणायचे, तुझं घर तिकडे आहे. हे सगळं मला हळूहळू कळत गेलं. पहिल्या महिन्यात एवढंच कळलं होतं की वहिनीची आमटी चांगली असते आणि म्हातारा चक्रम आहे.

चक्रमपणाची हजेरी रोज सकाळी फाटकाशी व्हायची. आम्ही कामाला निघालो की आबा तिथे हजर. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला पायापासून वर बघायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "काळी पँट, पट्ट्याचा टीशर्ट, पायात कंपनीचं बूट, पाठीवर सॅक, सॅकची चेन तुटल्याली." आंघोळ न करता निघालेल्याला तेही ऐकवायचे. नवा भाडेकरू ओशाळायचा, जुने थांबून अंग वळवून दाखवायचे, जसं काही शिंपी माप घेतोय. एकदा मी घाईत तसाच निघालो तर आबा फाटकाबाहेर धावत आले. मी चिडलो. "आबा, शर्टच आहे ना, रोजचाच."

"रोजचाच म्हनून कुनी बघत न्हाई. तिथंच घोळ हाय," ते म्हणाले.

घोळ काय होता तो वहिनीने सांगितला, पोळ्या लाटता लाटता, खाली मान घालून. पोलीस चौकीत मिसिंग लिहून घेताना हवालदाराने विचारलं, अंगात काय होतं? आबा म्हणाले, पांढरा शर्ट. ती म्हणाली, निळा. कंपनीचा ड्रेस तो लॉकरमध्ये ठेवायचा, घरून साधे कपडे घालून जायचा. दोघांनीही त्याला त्या सकाळी पाहिलं होतं. आबांनी तर फाटकाची कडी काढून दिली होती. चौकीतच दोघांचा वाद सुरू झाला. आबा म्हणे, बाप हाय मी त्येचा. ती म्हणे, शर्ट मी धुतला होता. शेवटी हवालदाराने कंटाळून 'पांढरा किंवा निळा' असं लिहिलं, आणि पेपरात फोटोखाली तेच छापून आलं. "वाचनारा म्हनला आसंल, ह्यांस्नी पोरगं पायजे का शर्ट," आबा पुढे कधीतरी मला म्हणाले आणि हसले. मला हसता आलं नाही.

आता मी वाकडला मोठ्या सोसायटीत बऱ्याच वरच्या मजल्यावर राहतो. सकाळी लिफ्टमध्ये माझ्यासोबत उभे असलेले सगळे मोबाइलमध्ये बघत असतात. मी आज काय घालून निघालो हे माझ्या बायकोलाही सांगता येणार नाही, आणि तिचं मला. कधीकधी खाली पोचेपर्यंत मी मनातल्या मनात स्वतःचे कपडे म्हणून घेतो.

त्या काळी दुपारी शिफ्ट सुटायच्या वेळेला आबा चाकणला असायचे. स्कूटरच्या हँडलला पिशवी, पिशवीत फोटो. त्यातला एकच मुलाचा, बाकीचे परक्यांचे. कारण तोवर त्यांचा बोलबाला झाला होता. कुणाचा भाऊ, कुणाची आई, कुणाचं लेकरू गेलं की चौकीत मिसिंग देऊन माणसं थेट आमच्या आवारात यायची. आबा त्यांना आधी जेवायला बसवायचे, मग फोटो मागायचे. वहिनी न बोलता ताटं वाढायची.

गेटमधून एका रंगाचे कपडे घातलेली पोरं एकदम बाहेर पडायची तेव्हा मला त्यात माझ्या खोलीतला सोबती सापडायचा नाही. आबा चेहरे बघतच नसत. टपरीशी उभे राहून पाय बघत. "तोंड बदलतंय. मिशी काडली, दाडी ठिवली, झालं. चाल न्हाई बदलत." दुसरा सिद्धान्त पोटाचा. "मानूस जाऊन जाऊन जातोय कुटं? पोटापाशी." म्हणून ते खानावळी, वडापावच्या गाड्या, मजूर अड्डे धुंडाळत. मला त्यांची फिरकी घ्यायला आवडायचं. एकदा विचारलं, "आबा, माझी चाल कशी आहे?"

"पाय कुनाकडनं उसनं आनल्यावानी."

चेष्टा केली तरी माणसं त्यांना सापडायची, हे कबूल करायला हवं. वाकडच्या एका आजोबांना काही आठवत नसे. ते घरातून निघून गेले तेव्हा सगळी सोसायटी गाड्या घेऊन फिरली, आणि आबांना ते तळवड्यात आयटी पार्कच्या गेटवर सिक्युरिटीच्या खुर्चीत बसलेले मिळाले. मुलगा पूर्वी तिथे कामाला होता, तेवढंच आजोबांच्या डोक्यात शिल्लक होतं. त्यांनी आबांनाच मुलगा समजून वाटभर दटावलं: सांगून जायला काय होतं तुला, घरी माणसं काळजी करतात. स्कूटर चालवत आबा वाटभर म्हणत राहिले, "व्हय बाबा, चुकलं. पुन्ना न्हाई करनार." हा किस्सा आबांनी आम्हाला हसून हसून सांगितला, नक्कल करून. मग पाणी प्यायला म्हणून आत गेले ते जेवायलाही बाहेर आले नाहीत.

आबांचा एका गोष्टीवर ठाम विश्वास होता: माणूस सापडला, घरी गेला, की मिटलं. सापडण्यात कुणाचं वाईट असू शकतं, हे त्यांच्या गावी नव्हतं. खरं सांगायचं तर आमच्यापैकी कुणाच्याच नव्हतं.

एक माणूस आला होता, सोबतीला भाऊ, माझ्याच भागातला, म्हणून मीही जरा जास्त लक्ष घातलं. त्याची बायको घरातून गेली होती. पोरं आईवाचून झुरतात म्हणाला, आणि रडला. चांगला हमसून रडला. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नगं. आनतो मी तिला. चालती कशी ती?" तो म्हणाला, डाव्या पायाने जरा लंगडते. कशाने लंगडते हे आबांनी विचारलं नाही. मीही नाही.

एका रविवारी मी स्कूटरवर मागे होतो. वाकडला एका सोसायटीच्या मागच्या गेटवर कामवाल्या बायका कार्ड दाखवून आत जात होत्या. आबांनी करकचून ब्रेक दाबला. बायकांच्या रांगेत एकीचा डावा पाय ओढला जात होता. त्यांनी तिथूनच फोन लावला. नवरा आणि भाऊ आमच्याकडेच मुक्कामाला होते, जीप करून लगेच आले. तोवर ती फ्लॅटमधला स्वयंपाक उरकून खाली उतरली होती, हातात डब्याची पिशवी घेऊन. नवऱ्याला बघून ती पळाली नाही, ओरडली नाही. पिशवी तेवढी छातीशी धरली. आबा हरखून पुढे झाले होते. जीपमध्ये बसवताना ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, "मी हरवले नव्हते, बाबा. मी निघून आल्ते."

जीप गेली. गेटवरचा वॉचमन आबांना म्हणाला, "अच्छा हुआ चाचा, मिल गई."

त्यानंतर आबा कितीतरी दिवस स्कूटरला हात लावेनात. सकाळी फाटकाशीही यायचे नाहीत. आम्ही आपापले कपडे घालून निघून जायचो आणि काहीतरी विसरल्यासारखं वाटायचं. एक दिवस ते एसटीने एकटेच त्या बाईच्या गावी जाऊन आले. वहिनीने विचारलं तर चपला काढता काढता म्हणाले, "हाय. जिती हाय." त्यापलीकडे त्यांनी कधीच काही सांगितलं नाही.

पुन्हा शोधायला लागले तेव्हा त्यांची रीत बदलली होती. माणूस दिसला की फोन काढायचे नाहीत. जवळ जाऊन बसायचे, चहा मागवायचे, हवापाण्याचं बोलायचे. मग विचारायचे, "तुझ्या घरची शोधत्यात तुला. सांगू का?" आणि गप्प राहायचे. समोरचा चिडला, रडला, पंधरा कारणं सांगत बसला, तरी हे आपले चहाचा रिकामा ग्लास धरून थांबलेले. पुष्कळ जण शेवटी सांगा म्हणायचे. त्यांना आबा हाताला धरून घरी आणायचे. जे नको म्हणायचे त्यांच्या घरच्यांना सांगायचे, "मला न्हाई गावला."

असंच एक जोडपं जालन्याकडून आलं होतं. परीक्षेत नापास झालेला त्यांचा पोरगा निघून गेला होता. चार दिवस ती दोघं आमच्या आवारात चटईवर बसून होती. आई तर फाटक वाजलं की उठून उभी राहायची. चौथ्या दिवशी आबा दुपारी परत आले, हातपाय धुतले, त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "न्हाई गावला."

"जिवंत तरी असंल का हो?" आईने विचारलं.

"आसंल. मला वाटतंय, आसंल."

ती त्यांच्या पाया पडली. आबांनी पाय मागे घेतले. जोडपं गेल्यावर वहिनी उष्टी ताटं गोळा करायला बाहेर आली. मी नळावर कपडे धूत होतो.

"आबा, तुम्हाला भेटला ना तो?"

"भेटला."

"मग?"

"न्हाई सांगायचं म्हनला. कायतरी बनून मंग जाईन म्हनला."

वहिनी ताटं हातात धरून तशीच उभी राहिली. एरवी ती सासऱ्यासमोर फार बोलत नसे. "आबा, आपल्या घरातनं माणूस गेला तेव्हाही किती जण शोधायला गेले होते. तुमचे मित्र, माझे भाऊ, कंपनीतली माणसं. सगळे येऊन हेच म्हणाले, नाही सापडला. त्यातल्या एखाद्याला तो भेटला असेल. आणि म्हणाला असेल, सांगू नका."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते उठून गाळ्यांच्या बाजूला चालू लागले, आणि मला पहिल्यांदाच त्यांची चाल दिसली. म्हातारी होती.

वहिनीचा थोरला भाऊ खेडकडचा. दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन यायचा आणि एकच विषय काढायचा. त्यांच्यात रिवाज असा की माणूस गेला आणि बारा वर्षं त्याची खबर नाही, तर तो गेलाच असं धरायचं. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, दहावं, तेरावं, सगळं रीतसर. मग घरचे मोकळे. इथे ती बारा वर्षं केव्हाच उलटली होती. वहिनीला एक स्थळ आलं होतं. पंप दुरुस्तीचं दुकान असलेला बिजवर, एक लहान मुलगी, माणूस साधा. वहिनीने हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं, आणि तिच्या बाबतीत ते होच होतं. पण पुतळ्याला अग्नी द्यायचा तो बापाने, आणि बाप म्हणत होता, "जित्या मानसाला जाळू?" भावाने विषय काढला की आबा स्कूटर सुरू करायचे.

"कोर्टाचा कागद काय, वकील आणून देईल," भाऊ मला एकदा वैतागून म्हणाला. "पण आमच्या गावाला कागद वाचता येत नाही ना राव. त्यांना धूर दिसला पाहिजे. तिचं वय निघून चाललंय आणि म्हातारा गेटवर पाय बघत बसलाय."

मला दोघांचाही राग यायचा. आबांचा जरा जास्त. ज्या माणसाने साऱ्या पट्ट्यातली हरवलेली माणसं हुडकली, त्याला आपल्या घरात रोज ताट वाढणारी बाई दिसत नव्हती.

त्या जालन्याच्या जोडप्यानंतरच्या दिवाळीत भाऊ आला, डबा ठेवला आणि तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "भटजींस्नी बोलवा."

भटजी तरुण होते, स्कूटीवरून आले, पुढच्या पूजेची घाई होती. सामानाची यादी सांगायला लागले तसं आबांनी हात वर केला.

"त्ये ऱ्हाऊ द्या. आदी मला सांगा, जाळल्यावर तो आला तर काय करायचं?"

"आबा, आता इतक्या वर्षांनी कोण येतंय?"

"मी इचारतोय."

भटजींनी घड्याळाकडे पाहिलं, मग आबांच्या चेहऱ्याकडे, आणि नीट मांडी घालून बसले. "त्याचंही शास्त्र आहे. त्याचा नवा जन्म धरायचा. तुपाने न्हाऊ घालायचं, बारसं करायचं, पुढचे सगळे संस्कार पहिल्यापासून."

"आन् लगीन?"

"लग्नही पुन्हा. त्याच बायकोशी लावता येतं."

"लावता येतं. म्हंजी आपसूक ती त्येची बायको ऱ्हात न्हाई?"

"नाही. पुन्हा लावावं लागतं."

"आन् ती नगं म्हनली तर?"

भटजींनी चहाचा कप खाली ठेवला. "मग कसं लागेल? जबरदस्तीने थोडंच लग्न लागतं."

आबा बसल्या जागी स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले. आतला लाटण्याचा आवाज कधीच थांबला होता. "पोरी, ऐकलंस का? उद्या तो दारात आला तरी आदी तुला इचारावं लागंल."

थोड्या वेळाने लाटणं पुन्हा वाजायला लागलं. वहिनीच्या भावाने डोळ्यांना रुमाल लावला. आबा भटजींना म्हणाले, "सांगा आता यादी."

इंद्रायणीच्या काठावर आम्ही सकाळीच गेलो. बायका अशा ठिकाणी जात नाहीत, पण वहिनी आली, आणि तिला कुणी अडवलं नाही. ती भावाच्या मागे जरा लांब उभी राहिली. भटजींनी शास्त्रात सांगितलेल्या काळविटाच्या कातड्याऐवजी साधी चटई अंथरली, दर्भ आणि पळसाची पानं रचून माणूस तयार केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. एवढासा दिसत होता. वरून पांघरायला घरातलं वस्त्र द्या म्हणाले. आबांनी पिशवी उघडली. तीच ती फोटोंची पिशवी. त्यातून त्यांनी दोन शर्ट काढले, एक पांढरा, एक निळा, दोन्ही त्याच्या मापाचे नवे घेतलेले, इस्त्री केलेले.

"एक पुरे," भटजी म्हणाले.

"दोन्ही घाला. एक तरी बराबर आसंल." मग मागे न बघता म्हणाले, "निळा वर घाला. तिनं धुतला हुता. ती म्हनती तेच खरं आसंल."

मागून एक हुंदका ऐकू आला. बस, एकच.

भटजींनी मंत्र म्हटले, नाव घेतलं, गोत्र घेतलं. दर्भाची जुडी पेटवून आबांपुढे धरली. आबा म्हणाले, "जरा थांबा." गुडघ्यांवर हात टेकवत ते खाली बसले, वाकले आणि नारळाजवळ तोंड नेलं. आवाज हळू होता, पण नदीकाठी दुसरा आवाज नव्हता, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"घरची शोधत्यात तुला. सांगू का?"

आणि ते थांबले. टपरीवर चहाचा ग्लास धरून थांबायचे तसेच, तेवढाच वेळ. भटजींच्या हातातली जुडी अर्धी जळत आली, तरी कुणी त्यांना घाई केली नाही.

मग ते उठले. गुडघ्यावरची माती झाडली.

"नगं म्हनतोय," त्यांनी वहिनीला सांगितलं, आणि जुडी घ्यायला हात पुढे केला.